रात्रभर जागी राहणारी गाडी

१

टप्.

पत्र्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसावं तसा आवाज. सकाळचे सहा वाजले होते, घर चिडीचूप होतं. माझ्या पोटात पाय खुपसून झोपलेल्या लेकीने नुसती कूस बदलली. मी मात्र जागीच राहिले. थोड्या वेळाने आईची पावलं स्वयंपाकघराकडे गेली, मग बाबांची मागच्या अंगणाकडे. गाडीचं दार उघडल्याचा जड, मऊ आवाज आला. त्यानंतर बटण दाबल्यावर जी घरघर यायला हवी, ती काही आली नाही.

दहा सकाळींत गाडी चालू न होण्याची ही नववी.

बाबा बत्तीस वर्षं एका कंपनीच्या साहेबांचे ड्रायव्हर होते. अशाच काळ्या, लांब, नुसत्या दारानेही माणसाला हळू बोलायला लावणाऱ्या गाड्या त्यांनी चालवल्या. एकीलाही ओरखडा पाडला नाही, आणि मागचं दार कायम दुसऱ्यासाठी उघडून धरलं. निवृत्त झाल्यावर, दोन महिन्यांपूर्वी, त्यांनी तशीच एक आठ वर्षं वापरलेली गाडी स्वतःच्या पैशाने घेतली. पहिल्या रविवारी मागचं दार उघडून धरलं ते आईसाठी. आई म्हणे इतकी लाजली, की आधी पर्स आत बसवली आणि मग स्वतः बसली.

आणि आता ही गाडी रोज सकाळी मढ्यासारखी पडलेली असायची. दुपारी मिस्त्रीकाका येऊन बॅटरी चार्ज करून जायचे. संध्याकाळी ती मांजरासारखी गुरगुरायची. अंधार पडायच्या वेळी बाबा तिला हात लावायचे नाहीत, उद्या बघू म्हणायचे. आणि उद्या सकाळी पुन्हा तेच. मधे नवी बॅटरी घालून झाली. तीही दुसऱ्या दिवशी उतरली.

मी महिनाभरासाठी माहेरी आले होते. नवरा कामासाठी बाहेरगावी होता, आणि लेक, जिला सगळे खारू म्हणतात कारण सापडेल ते खिशात साठवते, ती पाच वर्षांची आहे. ती पोटात असेपर्यंत मी विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासत असे. माणूस काय सांगतो ते लिहून घ्यायचं आणि पत्रा काय सांगतो ते बघायचं, दोन्हींचा मेळ बसला तर दावा खरा. आता अशी कामं क्वचितच येतात. खारू झोपली की तेवढ्या वेळात एखादा अहवाल लिहून देते.

त्या बुधवारी सकाळी दादा आला, उभ्या उभ्याच बोलला. मोठ्या वर्कशॉपचं एस्टिमेट त्याच्या हातात होतं. मुख्य मॉड्यूल बदलायचं, वायरिंगचा एक अख्खा संच बदलायचा, मागच्या सस्पेंशनचा हवेचा पंप बदलायचा. गाडी जेवढ्याला घेतली त्याच्या निम्म्याहून जास्त आकडा होता. बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतलं जे उरलं होतं, ते जवळजवळ सगळं त्यात जाणार होतं. शनिवारी सकाळी नऊ वाजता वर्कशॉपचा ट्रक गाडी उचलायला येईल, त्याआधी बाबांनी सही करावी, असं त्याचं म्हणणं.

बाबा खुर्चीत बसून अंगणाकडे बघत होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. गेले दहा दिवस त्यांचं असंच चाललं होतं. चहाचा कप घ्यायला त्यांनी डावा हात लांब केला, कप कलंडला, आणि आईने फडकं टाकलं.

दादाने मला बाजूला घेतलं.

"गाडी आपोआप बिघडलेली नाही. मिस्त्रीने बिघडवलीय," तो म्हणाला. "माझ्याकडे पुरावा आहे. शनिवारी ट्रक गेला की मी त्याच्यावर तक्रार करणार, आणि सगळ्या वस्तीला सांगणार."

२

दादाचा पुरावा साधा होता आणि म्हणूनच वाईट होता. गेल्या शुक्रवारी मिस्त्रीकाकांनी गाडी एका रात्रीपुरती गॅरेजमध्ये नेली होती. त्या एकाच सकाळी ती पहिल्या फटक्यात चालू झाली. घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. दादाचं म्हणणं, हा माणूस काहीतरी काढून ठेवतो, परत लावतो, म्हणजे आपण रोज त्याच्या दारात. गाडी घेताना तपासून पास करणाराही तोच. विकणाऱ्याकडून त्याला वाटा मिळाला नसेल कशावरून?

मिस्त्रीकाका बाबांचे तीस वर्षांचे दोस्त. गॅरेज म्हणजे दोन गाड्यांची जागा, एक जॅक आणि भिंतीवर आखलेल्या आकारांत टांगलेले पाने. पाटी नाही, जाहिरात नाही. लोक येतात ते त्यांच्या शब्दावर. तो शब्द एकदा गेला की त्या शटरच्या आत नुसतं लोखंड उरणार होतं, आणि बाबांचा एकुलता एक मित्र जाणार होता तो वेगळाच.

मी खारूला घेऊन गेले. काकांनी तिला एक जुना बेअरिंगचा छर्रा दिला, तो तत्काळ खिशात गेला. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत, हात पुसत बसले. दादा काय बोलतो ते त्यांच्या कानावर आलं होतं.

गाडी घेताना त्यांनी बाबांना सगळं सांगितलं होतं, पुठ्ठ्यावर लिहूनही दिलं होतं. डावीकडचं मागचं सस्पेंशन वर्षभरात हवा सोडायला लागेल, गाडी एका बाजूला बसेल. इंजिनावरून तेल पाझरतंय. टायमिंग चेनचा आवाज आज नाही, पण येणार. सनरूफचं पाणी जायच्या नळ्या दर सहा महिन्यांनी साफ नाही केल्या तर पाणी गालिच्याखाली जाईल आणि तिथली इलेक्ट्रॉनिक पेटी खाईल.

"गाडीची किंमत पडते, पोरी, सुट्या भागांची पडत नाही," ते म्हणाले. "लोकांना वाटतं आठ वर्षांत गाडी स्वस्त झाली. गाडी झाली, तिचे नखरे नाही झाले. हे मी ड्रायव्हरसाहेबांना दहादा सांगितलं. ते म्हणाले, वर्षभर चालली तरी पुरे."

वर्षभर चालली तरी पुरे. हे वाक्य मला खटकलं, पण तेव्हा मी त्याच्यामागे गेले नाही.

मग बॅटरी का उतरते, असं विचारल्यावर ते उठून मीटर घेऊन आले. अशी गाडी बंद केली की वीसेक मिनिटांनी तिचे सगळे कॉम्प्युटर झोपी जातात. झोपली की ती थेंबभर वीज खाते, जागी राहिली तर सकाळपर्यंत बॅटरी चाटूनपुसून साफ. त्यांनी आमच्या अंगणात चार वेळा दुपारी मोजलं होतं. चारही वेळा गाडी शहाण्यासारखी झोपली. गॅरेजमध्ये रात्रीही झोपली.

किल्लीचं काय, मी विचारलं. बिनचावीच्या गाड्यांची किल्ली गाडीच्या फार जवळ राहिली तर गाडीला वाटतं मालक येतोय, आणि ती रात्रभर वाट बघत जागी राहते. असे दोन दावे मी पूर्वी पाहिले होते.

काका हसले. त्यांनी पहिल्याच दिवशी तेच विचारलं होतं. बाबांची किल्ली पुढच्या दाराशी, लांब टांगलेली असते. दुसरी किल्ली आईकडे, पत्र्याच्या शिवणाच्या डब्यात, आणि पत्र्याच्या बंद डब्यातून तिचा संदेश बाहेर येत नाही. डबा त्यांनीच गाडी घेताना सुचवला होता. तीनदा जाऊन बघितलं, झाकण घट्ट लावलेलं.

त्यांनी मीटर गुंडाळून ठेवला आणि आवाज खाली आणला.

"गाडी आजारी नाही. तुमच्या घरी रात्री तिला कुणीतरी जागं ठेवतंय."

३

गुरुवारी दुपारी खारू झोपली आणि मी माझं जुनं काम सुरू केलं.

गाडी शिवणाच्या खोलीच्या खिडकीखाली, भिंतीला लागून उभी होती. आत आईचं मशीन चालू होतं. ते फक्त दोन ते चार चालतं. तेवढाच वेळ खिडकीतून ऊन सरळ सुईवर पडतं, बाकी दिवसभर आईला दोरा ओवता येत नाही. लहानपणापासून आमच्या घरात चार वाजले हे मशीन थांबल्यावरून कळायचं.

आधी विकणाऱ्याचा विचार केला. पाण्यात बुडालेली गाडी धुऊनपुसून विकतात, आणि तिचं दुखणं नंतर असंच विजेतून बाहेर येतं. मी चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढले. बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर चिखलाची एक रेघ राहतेच, ती धुतलेली कळते. इथे पट्टे स्वच्छ. सीटखालचे स्क्रू गंजलेले नाहीत. स्टेपनीच्या खळग्यात धूळ होती, गाळ नव्हता. गालिच्याखाली हात घातला, कोरडं. विकणाऱ्याला फोन केला तर तो बिचारा आपणहून म्हणाला, गाडी परत आणा, थोडे पैसे कापून घेतो. लबाड माणूस असं बोलत नाही, तो आधी फोन उचलायचं बंद करतो.

दुसरा संशयित दादा. त्याने हौसेने काचेवर छोटा कॅमेरा बसवून दिला होता, समोरचा रस्ता टिपणारा. असा कॅमेरा चुकीच्या वायरला जोडला तर रात्रभर वीज ओढतो. मी तो बुधवारी संध्याकाळीच काढून ठेवला होता. गुरुवारी सकाळी सहा वाजता तो टप् आवाज आला, बाबा गेले, बटण दाबलं, आणि गाडी मेलेलीच. कॅमेरा सुटला. दादाचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं, कारण काही तास तरी त्याला वाटलं होतं की आपणच चोर.

खरं तर दादाचा रागही मायेचाच होता. नवी, छोटी गाडी घ्या असं त्याने बाबांना महिनाभर समजावलं होतं. ऐकलं नाही म्हणून तो आता कुणातरी तिसऱ्यावर ओरडत होता. बाबांवर ओरडणं त्याला जमलं नसतं.

मग मी गाडीभोवती फिरले, विम्यासाठी फिरायचे तशी, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. उजवी बाजू आरशासारखी. डावीकडे आले आणि थांबले. पुढच्या चाकाची रिम फुटपाथला घासलेली. मागच्या चाकाचीही. डाव्या आरशाच्या कडेला चुन्याचा पांढरा ओरखडा, आमच्या फाटकाच्या खांबाच्या उंचीवर. मागच्या दारावर बोटभर लांबीचा चरा.

आधीचा मालक निष्काळजी असणार, असं मी मनात म्हटलं आणि सवयीने विकणाऱ्याने पाठवलेले फोटो मोबाइलवर उघडले. गाडी घेतली त्या सकाळचे फोटो होते, डाव्या बाजूचेच तीन.

रिम कोऱ्या. आरसा कोरा. दार कोरं.

हे सगळे घाव आमच्या घरी आल्यानंतरचे होते, आणि गाडी फक्त एका माणसाने चालवली होती. बत्तीस वर्षांत एकही ओरखडा न पाडणाऱ्या माणसाने.

४

शुक्रवार उजाडला. शनिवारला एक दिवस उरला होता.

मी सगळं पुन्हा ओळीने मांडलं. बिघाड सोमवारी सुरू झाला. त्याच्या आदल्या रविवारी बाबा आई आणि खारूला फिरायला घेऊन गेले होते. मी गेले नव्हते. आईनेच मला घरी ठेवलं होतं, दोन तास झोप काढ म्हणाली होती, आणि मी लहान बाळासारखी झोपले होते. ते लवकर परत आले. का, हे मी विचारलंच नव्हतं. त्यानंतर बाबांनी गाडी बाहेर काढलेलीच नाही.

आईला विचारलं तेव्हा ती भाजी चिरत होती. काही झालं नाही गं, ऊन होतं, आलो परत, असं म्हणाली. त्या रविवारी ढग होते. खारूचे मोजे दोन दिवस वाळले नव्हते म्हणून ते मला पक्कं आठवत होतं.

खारू पायरीवर बसून खिशातला माल मोजत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि रविवारी आजोबांबरोबर काय काय पाहिलंस म्हणून विचारलं. तिने बराच विचार करून सांगितलं की एक कुत्रा पाहिला, एक मोठा पाण्याचा नळ पाहिला आणि एक सायकलवाले काका झुडपात गेलेले पाहिले.

"झुडपात कसे गेले?"

"आजोबा त्यांच्या जागेवर गेले ना, म्हणून. आजीने पाहिले, मी पण पाहिले. आजोबांनी नाही पाहिले."

कॅमेरा माझ्या कपाटात होता. गाडी त्या दिवसानंतर गॅरेजची एक फेरी सोडली तर फिरलीच नव्हती, म्हणजे त्यातली जुनी चित्रं पुसली गेली नसणार. बॅटरी चोरल्याच्या संशयावरून मी ज्याला काढलं होतं, तोच माझा साक्षीदार निघाला.

चित्र नऊ मिनिटांचं होतं. रस्ता, झाडं, खारूची अखंड बडबड. डाव्या बाजूला पुढे एक सायकल, सरळ चाललेली, लांबून नीट दिसणारी. गाडी हळूहळू डावीकडे सरकते. हॉर्न नाही, ब्रेक नाही. सायकलवाला मान वळवतो, हँडल फिरवतो आणि झुडपात घुसतो. गाडी त्याला ओलांडण्याआधी तो झुडपातूनच मूठ उगारताना दिसतो. गाडी त्याच वेगाने पुढे.

खारूची बडबड थांबते. मग आईचा आवाज येतो, अगदी हलका.

"घरी चला."

"का गं? कोण होतं?" बाबा विचारतात.

"कुणी नाही. डोकं दुखतंय माझं. घरी चला."

मी तिथेच बसून राहिले. कलंडलेला कप डावीकडचा. खारू डाव्या बाजूने आली की बाबा दचकतात, तेही डावीकडचं. घाव सगळे डावे. अंधार पडायच्या वेळी गाडीला हात न लावणं. वर्षभर चालली तरी पुरे. हे सगळं गाडीचं दुखणं नव्हतंच.

पण मग गाडीला जागं कोण ठेवत होतं?

शिवणाच्या खोलीतलं मशीन थांबलं. चार वाजले. आईने कात्री आत ठेवल्याचा, बोटांनी बटणं सारल्याचा आवाज आला. आणि मग,

टप्.

मी तो आवाज रोज ऐकत होते. सकाळी सहा वाजता, जेव्हा त्या खिडकीत सुईपुरतासुद्धा उजेड नसतो.

५

मी खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. डबा खिडकीच्या कट्ट्यावर होता. खाली हातभर अंतरावर गाडीचं छत दिसत होतं. मी झाकण उघडलं. बटणं, रिळं, मोजपट्टी, आणि वर जपून ठेवलेली दुसरी किल्ली.

आई माझ्याकडे बघत होती. तिने काही नाकारलं नाही. मशीनवरचं कापड उगाचच घडी करत राहिली.

मी सांगत गेले आणि ती मान हलवत गेली. संध्याकाळी दिवे लागले की ती डबा उघडून ठेवते. किल्ली रात्रभर उघडी, गाडी रात्रभर मालकाची वाट बघत जागी. सकाळी सहाला, बाबा उठायच्या आधी, झाकण लावते. दुपारी मिस्त्रीकाका येतात तेव्हा सगळं जागच्या जागी. गाडी गॅरेजमध्ये गेली त्या रात्री किल्ली इथे आणि गाडी तिथे, म्हणून ती सुखाने झोपली. काकांनी सांगितलेला उपाय आईने फक्त उलटा करून वापरला होता. तिला ना वायर माहीत होती ना मॉड्यूल. चहा देताना कानावर पडलेलं एक वाक्य तिला पुरलं होतं.

तिने डब्याच्या तळाचा कापडाचा तुकडा उचलला. खाली घडी घातलेला कागद होता, एकदा ओला होऊन वाळलेला. डोळ्यांच्या डॉक्टरांचा. तारीख गाडी घेण्याच्या तीन आठवडे आधीची. काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेलेली, गेलेली परत येणार नाही, उरलेली जपायची. शेवटी एक ओळ होती, वाहन चालवू नये.

धुवायच्या आधी ती खिसे तपासते. तसा तो पँटच्या खिशात सापडला होता. बाबा तिला म्हणाले होते की चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय.

"मग त्यांना बोलली का नाहीस?"

आईने कागदाची पुन्हा घडी घातली.

"त्यांनी मला सांगितलं नाही, म्हणजे त्यांना सांगायचं नाही. मी कशी सांगू, की मला कळलंय?" ती म्हणाली. "आयुष्यभर लोकांच्या गाड्या चालवल्या. एक स्वतःची घेतली. तिच्यातून मी त्यांना उतरवू? गाडीनेच उतरवलं तर तेवढं लागणार नाही, असं वाटलं मला."

मिस्त्रीकाकांच्या नावाला काय लागतंय ते मी सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं, दादा तिच्यासमोर बोललाच नव्हता. तिचा चेहरा उतरला. इतका उतरला, की सांगितल्याचा मला पश्चात्ताप झाला. मी पूर्वी खोटे दावे पकडायचे तेव्हा घरी येऊन शांत झोपायचे. इथे सगळं सापडलं होतं आणि कुणाच्याही नावापुढे लिहावंसं वाटत नव्हतं.

सकाळपर्यंत थांब, असं आई म्हणाली. सकाळी मी बघते.

६

शनिवारी मी उजाडतानाच डोळे उघडून पडले होते. सहा वाजले. मग सहा वाजून पाच मिनिटं. खिडकी चांगली पांढरी झाली.

झाकण वाजलं नाही.

बाबांची पावलं ऐकू आली. ती अंगणाकडे वळली नाहीत. शिवणाच्या खोलीच्या दाराशी जाऊन थांबली. मी खारूच्या पायाखालून स्वतःला सोडवून घेतलं आणि गेले.

आई मशीनच्या स्टुलावर बसली होती. उघडा डबा मांडीवर, त्यात किल्ली, आणि किल्लीवर तो कागद.

"आज झाकण लावलं नाहीस?" बाबांनी विचारलं.

आईने वर पाहिलं.

"रोज सहाला लागतं," ते म्हणाले. "तू सहाला शिवायला बसत नाहीस. मला कमी दिसतं. ऐकू येतं."

आईने एवढंच विचारलं, की मग बोलला का नाहीत.

बाबा दाराच्या चौकटीला टेकले. "काय बोलणार? त्या रविवारी कुणीतरी होतं, ते तुझ्या आवाजावरून कळलं मला. नंतर रोज बटण दाबताना वाटायचं, आज चालू झाली तर काय करू. नाही झाली की बरं वाटायचं. म्हटलं, हिला ठाऊक आहे. म्हणजे मला सांगायला नको."

दहा-बारा दिवस ही दोघं एका पत्र्याच्या झाकणातून एकमेकांशी बोलत होती, आणि मी पलीकडच्या खोलीत पडून मोजत होते, आज कितवी सकाळ.

मिस्त्रीकाकांबद्दल मी सांगितलं तेव्हा मात्र बाबा ताठ झाले. दादा एवढ्या थराला गेलाय याची त्यांना कल्पना नव्हती. माझ्या गप्प बसण्याची किंमत त्याने का द्यायची, असं म्हणून त्यांनी स्वतः मिस्त्रीकाकांना फोन लावला आणि ताबडतोब ये म्हणाले.

नऊ वाजता ट्रक आला, त्याच्या मागे दादा, हातात सहीचा कागद. मिस्त्रीकाका चार्जर खांद्याला लावून आधीच अंगणात उभे होते. दादाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बाबा पायरीवर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"गाडीला काही झालेलं नाही. मला झालंय."

मग त्यांनी डॉक्टरांचा कागद दादाच्या हातात दिला. दादाने तो वाचला, पुन्हा वाचला. एस्टिमेटची घडी करून खिशात घातली, ट्रकवाल्याला फेरीचे पैसे देऊन परत पाठवलं, आणि मग मिस्त्रीकाकांसमोर जाऊन उभा राहिला. काका, चुकलो, एवढंच म्हणाला आणि त्यांच्या खांद्यावरचा चार्जर उतरवून घेतला. काका म्हणाले, चुकलास तर चुकलास, पण नव्या बॅटरीचं बिल ड्रायव्हरसाहेबांच्या नाही, वहिनींच्या नावाने फाडणार. त्या दिवसांत आई पहिल्यांदाच हसली.

गाडी ठेवायची की विकायची, यावर कुणी बोललं नाही. काकांनी बॅटरी जोडली, बाबांनी पुढच्या दाराशी टांगलेली गाडीची किल्ली काढून आणली आणि माझ्या हातावर ठेवली.

"आधी मागे बघायचं, मग आरसे, मग उजवीकडे," ते म्हणाले, जणू मी आजच शिकणार होते. किंचित थांबले. "आणि डावीकडे."

त्यांनी मागचं दार आईसाठी उघडून धरलं. पर्स आधी बसली, मग आई. मग ते पुढे येऊन दाराला हात लावून उभे राहिले, चालवणाऱ्याच्या शेजारच्या जागेपाशी, जिथे ते बत्तीस वर्षांत एकदाही बसले नव्हते.

खारू पळत आली. तिने काकांनी दिलेला छर्रा खिशातून काढला आणि हात लांब करून त्यांच्या डाव्या कोपराशी उभी राहिली. बोलली नाही. तिला वाटलं, दिसेलच. बाबा गाडीच्या छतावरून पलीकडे बघत होते, चेहऱ्यावर थोडं हसू होतं. ती तशीच उभी राहिली. हात दुखला तेव्हा तिने दुसऱ्या हाताने त्याला आधार दिला. मग ती त्यांच्या मागून फिरून उजवीकडे आली, आणि बाबा एकदम खुलले, अरे, तू कधी आलीस, म्हणाले आणि छर्रा घेऊन खिशात टाकला.

मी तिला मागे बसवून पट्टा लावत होते. तिने माझी मान जवळ ओढली आणि कानाशी तोंड आणलं.

"आई, मी त्या बाजूला होते ना, तेव्हा आजोबांसाठी मी कुठे होते?"